बर्फाची केणी

वाचकहो, चंडीगढला बर्फ पडत नाही. ही गोष्ट आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील हकिगत वाचताना आपला गैरसमज व्हायचा नाही. थंडीच्या दिवसांत येथे धुके इतके दाट असते की समोरचा चौकही दिसत नाही. पहाटे मोटारीच्या काचेवर दहिवर गोठते. परंतु बर्फ असा पडत नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेले आहे. निरभ्र रात्री गच्चीवर उभे राहिले म्हणजे दूर कसौलीचे दिवे लुकलुकताना दिसतात. बर्फाचा मुलूख त्याच्याही पलीकडे, वर पहाडांत. असे असता, भर मे महिन्यात, उकाड्याने अंगाची लाही होत असताना, साठी उलटलेला एक मराठी माणूस चंडीगढच्या एका कर्मशाळेत जुन्या गाडीला बर्फ सारण्याचे पाते बसवीत होता. येणाऱ्याजाणाऱ्यांना त्याचे हसू आले असल्यास नवल नाही. तो माणूस मीच.

माझा जन्म सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातला. तो पर्जन्यछायेचा प्रदेश. आमच्या लहानपणी भरलेला हंडा हा घरातला मोठा दागिना असे. पुढे मी सैन्यात भरती झालो, वाहनांच्या कर्मशाळेत अठ्ठावीस वर्षे पान्याहातोड्यांच्या संगतीत काढली, आणि शेवटची नेमणूक चंडीमंदिरला होती म्हणून निवृत्तीनंतर जवळच चंडीगढला घर केले. मुलगी येथेच शिकली. शिकत असता एका पहाडी तरुणाशी तिची ओळख झाली, आणि दोन्ही घरांच्या आशीर्वादाने ती नारकंड्याच्या वरच्या अंगाला, सफरचंदाच्या एका बागेत सून म्हणून नांदावयास गेली. ज्याने लहानपणी पाण्याच्या थेंबाची वाट पाहिली, त्याला म्हातारपणी गोठलेल्या पाण्याचे ढीग वाटेतून बाजूला सारावे लागावेत, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

नारकंडा चंडीगढहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांवर, २,७०० मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. तेथून पुढे कोटगढ आणि ठाणेधार लागतात. सॅम्युएल स्टोक्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे अमेरिकन सफरचंदांची लागवड केली. ते पुढे हिंदू झाले आणि सत्यानंद स्टोक्स या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांच्या बागेतून हे फळ भोवतालच्या डोंगरांवर पसरले. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात शेकडो तासांची थंडी लागते. ती न मिळाली तर वसंतात कळी नीट फुटत नाही. शिवाय साचलेला बर्फ हळूहळू वितळून जमिनीत ओल धरतो. म्हणून तिकडचे बागाईतदार बर्फाला पांढरे खत म्हणतात. ज्या वर्षी बर्फ पडत नाही त्या वर्षी घराघरांत चिंता असते. झाडाला हवा असलेला हा बर्फ माणसाची वाट मात्र अडवतो. त्या प्रदेशाचे सारे सुखदुःख या एका विसंगतीत सामावलेले आहे.

आमच्या व्याह्यांची बाग मुख्य सडकेपासून तीन किलोमीटर आत आहे. आतला रस्ता सात घरांनी मिळून स्वतःच्या जमिनींतून काढलेला. सडकेवरचा बर्फ सरकारी यंत्रे सारतात. आतला कोणी सारायचा? वर्षानुवर्षे उत्तर एकच होते: फावडी घेऊन सर्वांनी, किंवा ऊन पडेपर्यंत कोणीच नाही.

तीन हिवाळ्यांपूर्वी जानेवारीत एका पहाटे व्याह्यांचा उजवा हात एकाएकी लुळा पडला आणि जीभ जड झाली. बाहेर कमरेपर्यंत बर्फ होता. माझ्या जावयाने शेजारी गोळा केले, व्याह्यांना खाटेवर बांधले आणि आठ जणांनी ती खाट आळीपाळीने खांद्यावर घेतली. तीन किलोमीटरांना साडेपाच तास लागले. तेथून इस्पितळ गाठेपर्यंत अकरा तास उलटले होते. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघातात ती गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. व्याही वाचले, परंतु ज्या हाताने त्यांनी चाळीस वर्षे झाडांची छाटणी केली, तो हात परत आला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी मी त्यांना भेटावयास गेलो तेव्हा ते पडवीत बसले होते. गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली त्यांची जुनी पिकअप गाडी उभी होती. ती डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर पोहोचविणारी, तेवीस वर्षांची गाडी होती. तिने त्यांच्या बागेच्या किती पेट्या बाजाराला नेल्या असतील त्याची गणती नाही. चार वर्षे ती जागची हलली नव्हती. व्याही शब्द जुळवीत सावकाश म्हणाले, "समधीजी, आपण सैन्यातल्या गाड्या उठविल्या आहेत. हिलाही उठवा. माझ्यासाठी नव्हे; माझे व्हायचे ते झाले. पण या वाटेवर सात घरे आहेत."

वाचकहो, अशा वेळी नाही म्हणता येत नाही. गाडी दुसऱ्या मालमोटारीवर चढवून मी चंडीगढला आणली. आमच्या सौभाग्यवतींनी ती पाहिली आणि एवढेच म्हटले, "जन्मभर सरकारच्या गाड्या झाल्या. आता ही सोयरिकीतली."

चंडीगढ हे नव्या भारताचे नमुनेदार शहर म्हणून प्रसिद्ध आहे. रुंद रस्ते, आखीव सेक्टर, कॉर्बुझिए यांनी योजिलेल्या भव्य इमारती, हे सारे आपण चित्रांत पाहिले असेल. परंतु त्याच्या पूर्वेच्या कडेला मनीमाजरा नावाची जुनी वस्ती आहे, आणि तेथल्या मोटार बाजारात जुन्या लोखंडाला नवा जन्म देणारी माणसे बसतात. मला त्या बाजारात गेले की नेकचंद यांची आठवण होते. ते या शहराच्या बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून, दिवसाची नोकरी संभाळून, त्यांनी फुटक्या बांगड्या, मोडकी चिनी मातीची भांडी आणि टाकाऊ दगड जमवून जंगलात गुपचूप एक सृष्टी उभी केली. १९७६ मध्ये ती रॉक गार्डन म्हणून लोकांना खुली झाली. टाकलेल्या वस्तूत अजून काय शिल्लक आहे हे पाहणारी दृष्टी या शहराच्या मातीतच आहे, असे मला वाटते.

ज्या मिस्त्रींकडे मी गाडी नेली ते सरदारजी माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. मी उत्साहाने पात्याचे चित्र कागदावर काढून दाखविले. त्यांनी कागदाकडे पाहिलेच नाही. ते गाडीखाली निजले, अर्धा तास तेथेच राहिले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "बाऊजी, ढकलायला नंतर शिकवू. आधी हिला थांबायला शिकवू."

त्या वाक्यात सगळी विद्या होती. चारही चाकांचे ब्रेक गळत होते. मागच्या पाट्यांच्या आधारापाशी सांगाड्याला गंज खाऊन बोटभर भोक पडले होते. पुढचे पाटे वयोमानाने सपाट झाले होते. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा अडकून बसला होता, म्हणजे चार चाकांची म्हणविणारी गाडी वस्तुतः दोन चाकांवरच चालत होती. थंडीत इंजिन सुरू होण्यापूर्वी आतली हवा तापविणाऱ्या चार तापकांपैकी तीन मेलेले होते. अशा गाडीला पाते लावणे म्हणजे आजारी बैलाच्या मानेवर नवे जू ठेवण्यासारखे होते. जून आणि जुलै हे दोन महिने आम्ही एकही नवी वस्तू बसविली नाही. गंजलेला भाग कापून जाड पट्ट्यांनी सांगाडा जोडला, ब्रेक नवे केले, चाकांचे बेअरिंग बदलले, पुढच्या पाट्यांत प्रत्येकी एक पाटा वाढविला. जुन्याची दुरुस्ती पुरी होण्यापूर्वी नव्याची भर घालू नये, हा नियम मला ठाऊक होता. परंतु घाईत माणूस ठाऊक असलेलेच विसरतो.

आता पात्याविषयी. इंग्रजीत या अवजाराला बर्फाचा नांगर म्हणतात, आणि त्या नावाने आपली फसगत होते. नांगर जमिनीत शिरतो. हे पाते जमिनीत शिरता कामा नये. आपल्याकडे शेत सपाट करण्यासाठी बैलांच्या मागे जी केणी जोडतात, तिच्याशी याचे खरे नाते आहे. ती माती खरवडून पुढे ओढते, हे बर्फ खरवडून बाजूला लोटते. आमचे पाते २.१ मीटर लांबीचे, वाकविलेल्या पत्र्याचे होते आणि त्याच्या खालच्या कडेला जुन्या माती-यंत्राची पोलादी धार होती. ते सरळ न ठेवता सुमारे तीस अंशांनी तिरपे ठेवावयाचे, म्हणजे बर्फ समोर न साचता गुंडाळत एका कडेला पडतो. तिरपे ठेवल्यावर २.१ मीटरांचे पाते १.८ मीटर वाट साफ करते. गाडीची दोन्ही चाके त्या साफ वाटेत मावली पाहिजेत, हा हिशेब आधी करावा लागतो. रस्ता कच्चा असल्याने पात्याखाली दोन्ही बाजूंस लोखंडी पावले बसविली, की धार जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर राहावी आणि बर्फाबरोबर खडी उपसली जाऊ नये. पाते उचलण्यासाठी बॅटरीवर चालणारा तेलाचा पंप लावला.

पाते आणि त्याची चौकट मिळून वजन १८० किलो झाले. ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला पुढची अडचण सांगावी लागणार नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलार होते. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर येतो. आमच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आसांत २.७ मीटर अंतर, आणि पाते पुढच्या आसापुढे १.२ मीटर. तरफेच्या नियमाने पाहिले तर मागच्या चाकांवरचा ८० किलो भार नाहीसा होतो आणि पुढच्या चाकांवर २६० किलो वाढतो. मागची चाके हलकी झाली की बर्फात ती नुसती फिरतात, आणि उतारावर गाडीचा मागचा भाग नागिणीसारखा सरकतो. उपाय साधा होता. मागच्या आसाच्याही मागे, ६० सेंटिमीटरांवर, २०० किलो वाळूची पोती घट्ट बांधली. त्यामुळे मागच्या चाकांना २४४ किलो परत मिळाले आणि पुढच्यांचे ४४ किलो कमी झाले. शिवाय गाडी कोठे अडलीच तर चाकाखाली टाकावयास वाळू हाताशी राहिली. मीठ मात्र आम्ही रस्त्यावर वापरीत नाही. ते वितळून झाडांच्या मुळांशी जाते.

थंडीचीही तयारी करावी लागते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि इंजिनाचे लोखंड फोडते. त्यासाठी पाण्यात ग्लायकॉल मिसळतात. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण शून्याखाली सुमारे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. परंतु निव्वळ ग्लायकॉल शून्याखाली १३ अंशांच्या आसपासच गोठते. म्हणजे जास्त घातले की जास्त चांगले, हा समज येथे घातक ठरतो. बॅटरीची ताकद कडाक्याच्या थंडीत निम्म्यावर येते, आणि आपल्याला तर पंप व दिव्यांसाठी दुप्पट हवी असते. म्हणून मोठी बॅटरी आणि वीज पुरविणारा मोठा अल्टरनेटर बसविला. डिझेलमध्ये थंडीने मेणाचे कण धरतात आणि गाळणी तुंबते. लडाखसारख्या भागासाठी शून्याखाली ३३ अंशांपर्यंत वाहणारे हिवाळी डिझेल २०१९ मध्ये आपल्या देशात निघाले. आमच्या बागेत थंडी तितकी नसते. परंतु टाकी रात्री भरलेली ठेवणे आणि गाळणीतले पाणी रोज काढणे यात आम्ही कसूर करीत नाही.

कायद्याची गोष्टही सांगितली पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट अधिकच स्पष्ट केली आहे. म्हणून आमचे पाते आणि चौकट बोल्टांनी जोडलेली, उतरविता येणारी आहेत. ती चंडीगढहून मालमोटारीत निराळी गेली, सात घरांच्या खाजगी रस्त्यावरच जोडली जातात, आणि सडकेवर येण्यापूर्वी उतरतात. चांगल्या हेतूने केलेले काम म्हणून नियम मोडावा, हे मला सैन्याने शिकविलेले नाही.

ही कल्पना माझी नाही, हेही कबूल केले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात जीपगाड्यांनी नाव कमावले, आणि १९४५ मध्ये अमेरिकेत त्यांची शेतकऱ्यांसाठी केलेली आवृत्ती निघाली. शेत नांगरण्यापासून बर्फ सारण्यापर्यंत सर्व कामे तिच्याकडून घेतली गेली. आपल्याकडे १९४७ पासून मुंबईत जीपगाड्यांची जोडणी होऊ लागली आणि पहाडांतल्या वाटांवर त्या पोहोचल्या. आमची पिकअप त्याच कुळीतली, एवढे म्हणतो. नवे यंत्र घ्यावयास आम्हांपाशी पैसा नव्हता. दुरुस्ती, पाते आणि सारे साहित्य मिळून आमचे एक लाख सत्तर हजार रुपये खर्च झाले, आणि ते सात घरांनी वाटून घेतले.

आता माझ्या चुकीची कथा. चौकट तयार होत असता मिस्त्री म्हणाले होते, "बाऊजी, पात्याला मान लवविता आली पाहिजे." म्हणजे पात्याच्या मागे जाड कमाना हव्यात, पाते एखाद्या दगडाला अडले तर ते पुढे कलंडून दगडावरून जावे आणि पुन्हा सरळ व्हावे. मी म्हटले, "आमचा वेग बैलगाडीचा. कमाना कशाला? वजन वाढेल, खर्च वाढेल." अठ्ठावीस वर्षांचा अनुभव माझ्या तोंडून बोलत होता. मिस्त्रींनी वाद घातला नाही.

डिसेंबरात पहिला बर्फ पडला. वीतभर होता. सातही घरची माणसे पाहावयास जमली होती. मी स्वतः चाकावर बसलो. पहिला अर्धा किलोमीटर इतका सुरेख गेला की मी वेग वाढविला. वळणावर बर्फाखाली दडलेल्या दगडाला पाते अडले. पाते लवले नाही; म्हणून मागचे सारे लवले. चौकटीचा आधार मुडपला, माझी छाती चाकावर आदळली, आणि गाडी रस्त्यात आडवी होऊन बसली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. तिला वळसा घालून जाण्यासही जागा उरली नाही. दोन दिवस ती तेथेच होती. ज्या वाटेला मोकळे ठेवण्याची प्रतिज्ञा मी केली होती, ती बर्फाने नव्हे, मीच बंद केली होती. त्या दोन दिवसांत कोणाला दुखणे झाले नाही, ही ईश्वराची कृपा. परंतु त्या दोन रात्री मला झोप आली नाही.

मी मिस्त्रींना दूरध्वनीवर सर्व सांगितले. "मी सांगितले होते" हे वाक्य त्यांनी उच्चारले नाही. तिसऱ्या दिवशी ते रात्रीच्या बसने स्वतः आले. सोबत गोणपाटात गुंडाळलेल्या दोन जाड कमाना होत्या. जन्म मनीमाजऱ्यात काढलेल्या त्या माणसाने पडता बर्फ कधी पाहिला नव्हता. सायंकाळी भुरभुर सुरू झाली तेव्हा हातातले काम टाकून ते अंगणात उभे राहिले आणि दाढीवर जमणारा बर्फ पुसायचेही विसरले. दुसऱ्या दिवशी कमाना बसल्या. तेव्हापासून पाते कित्येक दगडांना अडले असेल. ते नमते, पुढे जाते, पुन्हा उभे राहते.

आणखी एक गोष्ट त्या हिवाळ्याने शिकविली. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला सुमारे १०० किलो धरला, तर आमच्या तीन किलोमीटर लांब आणि तीन मीटर रुंद वाटेवर १५ सेंटिमीटर बर्फ म्हणजे १३५ टन होतो. ६० सेंटिमीटर म्हणजे ५४० टन. शिवाय पडलेला बर्फ दबत जातो आणि दगडासारखा घट्ट होतो. आमच्यासारख्या छोट्या गाडीला ५४० टनांशी एकदम झुंज देता येत नाही. परंतु १३५ टनांशी चार वेळा देता येते. म्हणून बर्फ थांबण्याची वाट न पाहता, पडत असतानाच बाहेर पडावे लागते. रात्री दोन वाजता उबदार रजई टाकून उठणे हे या विद्येतले खरे कठीण अंग आहे. यंत्र त्याला उपयोगी पडत नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच काम करणारी माणसे आपल्या देशात आहेत. सीमा सडक संघटना १९६० मध्ये स्थापन झाली. श्रमाने सर्व साध्य होते, या अर्थाचे संस्कृत वचन तिने ब्रीद म्हणून धारण केले आहे. ३,९७८ मीटर उंचीवरची रोहतांग खिंड दरवर्षी तिची माणसे बर्फ कापून उघडतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९ किलोमीटरांहून थोडा लांब असा अटल बोगदा सुरू झाला, तेव्हापासून लाहौलच्या लोकांना हिवाळ्यातही खिंडीखालून जाता येते. आणि बर्फ न पडणाऱ्या आमच्या चंडीगढातच बर्फाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे. १९६९ मध्ये मनालीला स्थापन झालेली हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था २०२० मध्ये दुसऱ्या एका संस्थेशी एकरूप झाली. तिचे मुख्य ठाणे चंडीगढला असून हिमकडे कोसळण्याच्या धोक्याचे इशारे ती देते. तेव्हा चंडीगढात बर्फाची काळजी वाहणारा मी एकटाच वेडा नाही, याचे मला समाधान वाटते.

जानेवारीच्या अखेरीस मोठा बर्फ आला. सायंकाळी पाच वाजता सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. या खेपेस चाकावर जावई होता आणि मी बाजूला कंदील, फावडे व साखळ्यांचे जादा दुवे घेऊन बसलो होतो. चारही चाकांना साखळ्या होत्या. दरीच्या कडेने आम्ही शरद ऋतूतच लाल रंगाचे बांबू रोवले होते; पांढऱ्या अंधारात तेवढीच खूण दिसत होती. बर्फ दरीच्या बाजूला लोटायचा, परंतु खालच्या बागेतल्या लहान कलमांवर नव्हे, म्हणून तीन ठिकाणी पाते फिरवून ढीग दुसरीकडे टाकावे लागत. पहिले ढीग शक्य तितके लांब नेले, कारण पुढच्या बर्फालाही जागा लागते. रात्रीतून आणि सकाळी मिळून सहा फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत व्याह्यांच्या खिडकीत दिवा दिसे. ते जागे होते, आणि फेऱ्या मोजीत होते.

वाचकहो, आता आपण विचाराल, त्या रात्री कोणाचा जीव वाचला? त्याचे उत्तर असे की, त्या रात्री काहीच घडले नाही. कोणी आजारी पडले नाही, कोणाला खाटेवर न्यावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी दुधाचे कॅन सडकेपर्यंत गेले. एका घरचे नातेवाईक खालून परत आले. दोन दिवसांनी व्याह्यांची तपासणीची तारीख होती. ते ठरलेल्या वेळी इस्पितळात पोहोचले आणि संध्याकाळी घरी येऊन जेवले. एवढेच. परंतु ज्या वाटेवर काही घडले नाही, तिच्याविषयी बातमी छापून येत नाही, म्हणून तिचे मोल कमी होत नाही. संकट आल्यावर धावून जाणाऱ्याचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. संकटाला वाट अडवू न देणारी माणसे मात्र बहुधा झोपमोड झालेल्या चेहऱ्याने चहा पीत बसलेली असतात. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

गाडी आता वरच असते. दर उन्हाळ्यात मी जातो, पात्याखालचा गंज खरवडतो, कमानांना तेल देतो, बोल्ट तपासतो. जावयाला मी एका कागदावर काही नियम लिहून दिले आहेत: आधी ब्रेक, मग बाकी सारे. बर्फ पडत असतानाच निघावे. वेग वाढवू नये. चालताना पाते फार वर उचलून ठेवू नये, इंजिनाला वारा लागत नाही. उभे करताना पाते जमिनीवर टेकवावे. शेवटी एक नियम मिस्त्रींच्या नावाने आहे: जो अवजार घडवितो त्याचे ऐकावे.

गेल्या वेळी गेलो तेव्हा व्याही बागेत एका ठेंगण्या झाडापाशी उभे होते. त्यांच्या डाव्या हातात छाटणीची कात्री होती. एक फांदी कापावयास त्यांना बराच वेळ लागला, आणि ती थोडी वाकडी कापली गेली. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले आणि हसून म्हटले, "समधीजी, हाही हात जुनाच आहे. पण दुरुस्तीला लागला आहे."